अर्ध्यावर सोडलेलं दशक

१९८६ म्हटलं की गोव्यात अजून भाषावादच आठवतो. त्याला यंदा चाळीस वर्षं झाली. डिचोलीत आणि पेडण्यात तेव्हा मराठीसाठी सभा भरत होत्या, कॉलेजातली मुलं घोषणा देत रस्त्यावर उतरत होती. पुढे फेब्रुवारी १९८७ मध्ये कोकणीला राजभाषा करणारा कायदा झाला आणि आमच्या दोन्ही तालुक्यांत घरोघरी हळहळ झाली. पण त्याच १९८६ मध्ये दिल्लीत आणखी एक निर्णय झाला होता. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाची मदत घेऊन 'नॉलेज बेस्ड कॉम्प्युटर सिस्टिम्स' (केबीसीएस) नावाचा प्रकल्प सुरू केला. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था (टीआयएफआर) आणि सॉफ्टवेअर तंत्रज्ञानाचं राष्ट्रीय केंद्र (एनसीएसटी), बंगळूरची विज्ञान संस्था, मद्रासची आयआयटी, कलकत्त्याची सांख्यिकी संस्था, सगळ्यांनी वाटून घेतलेलं काम एकच होतं: यंत्राला बघायला, ऐकायला, भाषा समजायला आणि विचार करायला शिकवायचं. त्याची आठवण आज कुणी काढत नाही.

मला ती काढावीशी वाटते, कारण माणसासारखी सर्वांगी बुद्धी यंत्राला कोण आधी देणार यावर सध्या पैजा लागतात. अशा बुद्धीसाठीचा एजीआय हा शब्द आता पणजीच्या सरकारी कार्यक्रमांतही ऐकू येतो. नावं ठरलेली असतात: ओपनएआय, गूगल डीपमाइंड, अँथ्रॉपिक, मेटा, चीनकडून डीपसीक. जून २०२३ मध्ये ओपनएआयचे सॅम ऑल्टमन दिल्लीत आले, तेव्हा एक कोटी डॉलर हाताशी असलेला भारतातला छोटा गट असं काही उभारू शकेल का, असं त्यांना विचारलं गेलं. आमच्याशी स्पर्धा करण्यात अर्थ नाही, तरी प्रयत्न करून बघा, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. ते लागलं. त्याहून लागलं ते घरच्या मोठ्यांचं बोलणं. मोठी प्रारूपं सिलिकॉन व्हॅलीतल्या बड्यांना करू द्या, आपण ती वापरू, असं २०२४ मध्ये इन्फोसिसचे नंदन निलेकणी म्हणाले आणि टाळ्या पडल्या. ज्या देशाने हा प्रश्न चाळीस वर्षांपूर्वी स्वतःहून हाती घेतला होता, त्या देशात हे शहाणपण ठरतं याचा मला राग येतो.

सुरुवातीची वर्षं भरभर ओलांडतो. १९५६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत डार्टमथ कॉलेजात जॉन मॅकार्थी आणि त्यांचे सहकारी जमले, या क्षेत्राला 'कृत्रिम बुद्धिमत्ता' हे नाव मिळालं. मग मोठमोठी आश्वासनं, ती फोल ठरवणारा १९७३ चा ब्रिटनमधला लाइटहिल अहवाल, आटलेला पैसा. ही गोष्ट सगळीकडे छापून आली आहे. छापली जात नाही ती आपल्या माणसांची. कोसबें गावात १९०७ मध्ये जन्मलेल्या दामोदर धर्मानंद कोसंबींना आपण इतिहासकार म्हणून मान देतो, त्यांच्या नावाने पणजीत विचारमहोत्सव भरवतो. पण १९४३ मध्ये त्यांनी संख्याशास्त्रावर लिहिलेल्या एका निबंधातली रीत पुढे कार्हुनेन आणि लोएव्ह यांच्या नावावर जगभर गेली. आकड्यांच्या ढिगातून मोजक्या महत्त्वाच्या दिशा वेगळ्या काढण्याची ही रीत, आणि यंत्राला चेहरे ओळखायला शिकवणाऱ्यांनी ती पुष्कळ वापरली. १९४८-४९ मध्ये युनेस्कोच्या शिष्यवृत्तीवर ते इंग्लंड-अमेरिकेत गेले तेही गणकयंत्रांचा अभ्यास करायला. १९६२ मध्ये टीआयएफआरने त्यांची मुदत वाढवली नाही. गोव्याच्या पाठ्यपुस्तकांत कोसंबींची ही बाजू आलेली माझ्या पाहण्यात नाही.

त्याच टीआयएफआरमध्ये आर. नरसिंहन होते. देशात घडवलेला पहिला मोठा संगणक, टिफ्रॅक, १९६० मध्ये कुलाब्यात चालू झाला तो त्यांच्या गटाच्या हातून. पण नरसिंहन यांचं खरं कुतूहल वेगळं होतं. लहान मूल आजूबाजूच्यांचं थोडंसं बोलणं ऐकून भाषा कशी उचलतं? ते कळल्याशिवाय यंत्राच्या बुद्धीबद्दल बोलू नये, असं त्यांचं मत होतं आणि त्या अभ्यासात त्यांनी आयुष्य घातलं.

मी मुंबईत संगणकशास्त्र शिकायला गेलो तो या माणसांच्या सावलीत. १९८६ ते १९९६ हे दहा वर्षांचं माझं विश्व होतं. जपानने १९८२ मध्ये 'पाचव्या पिढीचा संगणक' बांधायला घेतला होता आणि सगळं जग धास्तावून तिकडे बघत होतं. आम्हा डिचोलीकरांना जपान वेगळ्या कारणाने जवळचा. आमच्या डोंगरांतलं खनिज पिळगावच्या सारमानस धक्क्यावर बार्जमध्ये चढायचं, मांडवीतून मुरगावला जायचं आणि तिथून जपानी पोलाद कारखान्यांकडे. तेव्हा गावात कुणी त्याला नुकसान म्हणत नव्हतं. खनिजाच्या पैशावर आमची घरं उभी राहिली, माझं शिक्षणही त्यावरच झालं.

जुहूच्या एनसीएसटीत एस. रमाणी संचालक होते. तिथे व्याख्यानाला जाऊन बसलं की कुणी हटकत नसे. डिसेंबर १९८९ मध्ये मुंबईत केबीसीएसची आंतरराष्ट्रीय परिषद झाली, तिथे परदेशी प्राध्यापक आणि आयआयटीची विशीतली मुलं एकाच फळ्यासमोर भांडत होती. वाक्याचा अर्थ यंत्रात कसा साठवायचा, यावर मध्यान्हीची जेवणं थंड व्हायची. पुण्यात १९८८ मध्ये विजय भटकरांच्या हाताखाली सी-डॅक उभी राहिली आणि १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक चालू झाला. मोहन तांबे आणि मंडळींच्या जिस्ट तंत्रज्ञानामुळे पडद्यावर देवनागरी उमटली. मी पहिल्यांदा 'डिचोली' हे नाव पडद्यावर पाहिलं तेव्हा बराच वेळ ते पुसलं नव्हतं.

त्या काळी बुद्धी म्हणजे नियम, असं आम्ही धरून चाललो होतो. जाणकाराला प्रश्न विचारायचे, त्याचे नियम काढायचे आणि प्रोलॉग या संगणकभाषेत उतरवायचे. मी जाणकार म्हणून निवडला माझा काका. तो खाणीवर फोरमन होता आणि खनिजाचा ढेकूळ हातात घेऊन त्यातलं लोह जवळजवळ बरोबर सांगायचा. प्रयोगशाळेचा कागद नंतर यायचा. सुट्टीत मी वही घेऊन त्याच्यामागे फिरलो. रंग, वजन, चकाकी, चिकटलेली माती, सगळं लिहून घेतलं. दरवेळी नियमात न बसणारा ढेकूळ निघायचा आणि काकाचं उत्तर तरी बरोबर असायचं. कसं ओळखलंस विचारलं की म्हणायचा, "हाताक कळता रे." नियमांच्या वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाला तेव्हा जगभर हीच भिंत आडवी आली.

भिंतीतून जाण्याची वाट त्याच १९८६ च्या ऑक्टोबरात 'नेचर' साप्ताहिकात छापून आली होती. रुमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांचा तो छोटा लेख. यंत्राला नियम सांगू नका, उदाहरणं दाखवा आणि चूक झाली की तिचा हिशेब आतल्या प्रत्येक दुव्यापर्यंत मागे पोचवा, असं त्यात होतं. काकाचा हात याच मार्गाने शहाणा झाला होता. जेफ्री हिंटन १९८७ मध्ये टोरांटोला गेले. पुढची अनेक वर्षं त्यांच्या कामाकडे बहुतेकांनी पाठ फिरवली, तरी कॅनडाने त्यांच्या संशोधनाला आधार दिला. २०१२ मध्ये त्यांच्या दोन विद्यार्थ्यांबरोबर केलेल्या प्रारूपाने चित्रं ओळखण्याच्या स्पर्धेत सगळ्यांना मागे टाकलं, २०२४ मध्ये नोबेल आलं. पंचवीस वर्षं धीर धरणारं कुणीतरी त्यांच्या पाठीशी होतं, या एका गोष्टीने मला आपल्याकडच्या सगळ्याचा उलगडा होतो.

आपल्याकडे धीर संपायला दहा वर्षंही लागली नाहीत. १९९२ मध्ये जपानने आपला प्रकल्प आवरता घेतला आणि इथल्यांचा हुरूप ओसरला. त्यात सॉफ्टवेअर निर्यातीचं वारं आलं. मुंबईच्या सीप्झमधल्या एका कंपनीत मी लागलो, तिथे आमच्या प्रोलॉगच्या वह्या कपाटात गेल्या आणि आम्ही परदेशी बँकांच्या कोबोलमध्ये सालाचे दोन आकडे चार करत बसलो. साहेबांना संशोधनाचं नाव काढलेलं खपत नसे. तासाला किती डॉलर, एवढंच मोजलं जाई. माझ्याबरोबरचे तल्लख लोक एकेक करून अमेरिकेला गेले. त्यांना मी दोष देत नाही. दोष देतो तो त्या काळातल्या धोरणकर्त्यांना आणि उद्योगपतींना. निर्यातीचे आकडे फुगले म्हणून त्यांनी ज्ञान पिकवणाऱ्या संस्था उपाशी ठेवल्या. २००३ मध्ये एनसीएसटी सी-डॅकमध्ये विलीन झाली. आमच्या डोंगरासारखंच झालं: कच्चा माल गेला, पक्का माल विकत आला.

आणखी एक जुना हिशेब. १९८५ मध्ये नासाच्या एका केंद्रात काम करणाऱ्या रिक ब्रिग्ज यांनी संस्कृत आणि ज्ञानाची मांडणी यावर एक अभ्यासपूर्ण लेख लिहिला. त्याचं आपल्याकडे 'नासा म्हणते संस्कृत संगणकाला सर्वोत्तम' एवढंच झालं. चाळीस वर्षं ते भाषणांत फिरतं आहे. पाणिनीवर खरी मेहनत करणाऱ्या अभ्यासकांना त्या घोषणेने काही दिलं नाही.

नंतरच्या वर्षांत फार रमत नाही. डिचोलीचं खनिज जपानऐवजी चीनला जाऊ लागलं, २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, ट्रक दारात गंजले. डिसेंबर २०१५ मध्ये ओपनएआय जाहीर झाली तेव्हा देणगीदारांच्या यादीत इन्फोसिसचं नाव होतं. १९८१ मध्ये पुण्यात सुरू झालेली ही कंपनी त्या दारापर्यंत पोचली होती, आत गेली नाही. २०१७ मध्ये गूगलच्या आठ जणांनी 'ट्रान्सफॉर्मर'चा निबंध लिहिला. आजची जवळपास सगळी बोलकी यंत्रं त्यावर उभी आहेत. त्या आठांत पुण्याच्या पीआयसीटीत शिकलेल्या निकी परमार होत्या. ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आलं. ११ डिसेंबरला पेडणे तालुक्यात मोपा विमानतळाचं उद्घाटन झालं आणि आमच्याकडे बातमी फक्त दुसरीची होती.

आज पेडण्यात जमिनीचे भाव सोडून बोलणं होत नाही. तुयेच्या पठारावर इलेक्ट्रॉनिक उत्पादन वसाहतीची घोषणा होऊन दहा वर्षं उलटली, चर्चा अजून भूखंडांचीच. मार्च २०२४ मध्ये केंद्राने इंडियाएआय मिशनला १०,३७२ कोटी रुपये मंजूर केले, तेही पाच वर्षांसाठी. त्याहून जास्त पैसा गूगल एका महिन्यात यंत्रसामग्रीवर घालतं. या शर्यतीत पैशाने आपण पुढे जाणार नाही हे मलाही दिसतं.

पण शर्यत एवढीच नाही. आजच्या यंत्रांना शिकायला अब्जावधी शब्द लागतात. मूल त्याच्या कणभर ऐकून बोलू लागतं. नरसिंहन यांचा प्रश्न अजून तसाच उभा आहे, आणि जगात त्याची सर्वांत जास्त गरज आमच्यासारख्यांना आहे. पेडण्याच्या बोलीचा, डिचोलीच्या मराठीचा किंवा कोकणीचा मजकूर संगणकावर आहे तरी किती? भाषावादात दोन्ही बाजूंनी छाती ठोकली, पण शब्द गोळा करायला फार थोडे बसले. गोवा विद्यापीठात ज्योती पवार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोकणीचं शब्दजाल (वर्डनेट) बांधलं, तीस हजारांहून अधिक अर्थसंच नोंदवले, सात भारतीय भाषांच्या 'इंद्रधनुष' प्रकल्पाचं नेतृत्व केलं. एकाही भाषानेत्याने त्यांचा सत्कार केल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

पुढच्या चार-पाच वर्षांत एजीआयसारखं काही आलंच, तर ते कॅलिफोर्नियात, लंडनमध्ये किंवा हांगझौमध्ये येईल, असं मला वाटतं. पण थोडक्यात शिकणारं यंत्र कोण घडवेल, याचं उत्तर ठरलेलं नाही. त्यासाठी वीसेक माणसं हवीत, गोवा विद्यापीठात, पवईत, पुण्यात. पंधरा वर्षं त्यांचा पगार चालू राहावा आणि मधे कुणी त्यांना निकाल विचारू नये. तुयेच्या पठारावरचे दोन-चार भूखंड विकले तरी ते भागेल.