खाऱ्या दलदलीचे गोडे उगम

कर्जत आणि खालापूर या रायगडच्या सह्याद्रीलगतच्या तालुक्यांना समुद्रकिनारा नाही, खारी दलदलही नाही; तरीही वसईच्या आणि धरमतरच्या खाडीकाठी सर्वेक्षणासाठी उतरणाऱ्या अभ्यासकाला हे दोन तालुके नकाशाबाहेर ठेवता येत नाहीत, कारण कर्जतची उल्हास पहिल्या खाडीला आणि खोपोलीवरून वाहणारी पाताळगंगा दुसऱ्या खाडीला गोडे पाणी आणि गाळ पुरवते.

खारी दलदल म्हणजे भरतीच्या वरच्या पातळीवरील चिखलाची अशी पट्टी, जिथे रोजचे पाणी पोहोचत नाही, मात्र अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ते पसरते आणि भांगाच्या दिवसांत जमीन उघडी पडून तापते. कोकणात तिच्या खालच्या अंगाला तिवर, कांदळ यांसारखी खारफुटी असते, तर वर मोरस आणि धापा या मांसल पानांच्या वनस्पती व खारे गवत वाढते. उन्हाळ्यात बाष्पीभवनामुळे या वरच्या पट्टीतील मातीचे पाणी समुद्राहूनही खारट होते आणि जुलैच्या पावसात तेच मीठ धुऊन जाते. एकाच ऋतूत केलेली पाहणी म्हणूनच अपुरी ठरते. निदान मे महिन्यात एकदा आणि पावसाळा सरल्यावर एकदा, अशा दोन नोंदी तरी आवश्यक असतात.

पाहणीची पद्धत साधी असली तरी चिकाटी मागणारी आहे. खाडीच्या पाण्यापासून जमिनीच्या दिशेने काटकोनात एक सरळ रेषा आखतात, जिला छेदरेषा म्हणतात. तिच्यावर ठरावीक अंतराने एक मीटर लांबी-रुंदीची चौकट ठेवून आतील प्रत्येक वनस्पतीने किती टक्के जमीन झाकली आहे ते नोंदवतात, खेकड्यांची बिळे मोजतात आणि मातीचा नमुना घेतात. मातीची क्षारता विद्युतवाहकतेवरून मोजली जाते, कारण क्षार वाढले की मातीतील पाण्यातून वीज अधिक सहज वाहते; हे माप प्रति मीटर चार डेसिसीमेन्सच्या वर गेले की शेतीशास्त्र त्या जमिनीला क्षारयुक्त म्हणते. याशिवाय प्रत्येक चौकटीची उंची मोजावी लागते, कारण दलदलीत वीतभर उंचीच्या फरकाने वनस्पती बदलतात. सारे काम ओहोटीच्या मोजक्या तासांत उरकायचे असल्याने भरती-ओहोटीचे कोष्टक हे येथील पहिले उपकरण ठरते.

या नोंदींचा अर्थ मात्र घाटाच्या पायथ्याशी गेल्याशिवाय लागत नाही. खोपोलीचे टाटांचे जलविद्युत केंद्र 1915 मध्ये आणि कर्जत तालुक्यातील भिवपुरीचे 1922 मध्ये सुरू झाले. लोणावळा, वळवण, शिरवता आणि ठोकरवाडी या घाटमाथ्यावरील तलावांचे जे पाणी इंद्रायणी, भीमा आणि कृष्णा या मार्गाने बंगालच्या उपसागराकडे गेले असते, ते या केंद्रांतून खाली उतरून पाताळगंगेत आणि पेज नदीमार्गे उल्हासात येते. ज्या काळात कोकणातील इतर नद्या आटतात, त्या काळातही या दोन नद्या वाहत्या राहतात, हे मुख्यतः या पाण्यामुळे. वाटेत रसायनीचे कारखाने आणि बदलापूरसारखी शहरे त्यातले बरेच उचलतात. उरलेले खाडीतील खारे पाणी मागे रेटते. सर्वेक्षकाला मे महिन्यात धरमतरच्या वरच्या अंगाला क्षारता कमी आढळली, तर त्याचे उत्तर चिखलात शोधण्याऐवजी खोपोलीच्या केंद्रातून सुटलेल्या पाण्याच्या नोंदवहीत शोधावे लागते.

यात कायद्याचाही एक पेच आहे. किनारी नियमन क्षेत्राच्या 2011 आणि 2019 च्या अधिसूचनांनी खाऱ्या दलदलीला खारफुटीप्रमाणेच अतिसंवेदनशील गणले. त्याच नियमांनुसार नदीत भरतीचा प्रभाव कोठवर धरायचा, हे वर्षातील सर्वांत कोरड्या काळात दर हजार भाग पाण्यात पाच भाग क्षार कोठे आढळतात, यावरून ठरते. समुद्राच्या पाण्यात ते प्रमाण सुमारे 35 असते. घाटातून येणारे पाणी वाढले की ही सीमा समुद्राकडे सरकते, घटले की आत येते. खाडीच्या संरक्षणाची रेषा अशा रीतीने काही अंशी वीजनिर्मितीच्या वेळापत्रकावर आणि नळांच्या मागणीवर अवलंबून राहते, हे विचित्र असले तरी खरे आहे.

दलदलीची उपेक्षा तिच्या रूपामुळेही होते. खारफुटी हिरवी असल्याने उपग्रहाच्या चित्रात ठळक दिसते, तिची मोजणी दर दोन वर्षांच्या आसपास राष्ट्रीय वन अहवालात येते, आणि महाराष्ट्रात तिच्यासाठी 2012 पासून स्वतंत्र कक्ष आहे; मोरस-धाप्याचा बुटका पट्टा मात्र वरून उघड्या चिखलासारखा दिसतो, आणि देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात दलदलीच्या व क्षारयुक्त जमिनींना वर्ग आहेत. एका कागदावर अतिसंवेदनशील, दुसऱ्यावर पडीक: अशा जागेवर रोपवाटिकेतील तिवर लावून ती 'सुधारण्याचा' मोह होतो, तेव्हा एक अधिवास पुसून दुसरा उभा केला जातो, हे ध्यानात घेतले जात नाही.

कर्जतचे भात संशोधन केंद्र 1919 पासूनचे, तर खाऱ्या जमिनींचे संशोधन केंद्र पनवेलला, आणि आज दोन्ही कोकण कृषी विद्यापीठाच्या छत्राखाली आहेत. शेतीच्या अभ्यासाने गोड्या आणि खाऱ्या जमिनीचा असा संबंध केव्हाच ओळखला आहे. दलदलीच्या सर्वेक्षणांनीही पाताळगंगेची पहिली चौकट ठेवण्याआधी खोपोलीच्या विसर्गाची आकडेवारी मागवली पाहिजे.