रंगाची किंमत कोण ठरवतो?

चित्रकलेतील रंगविचार म्हटला की फळ्यावर रंगचक्र काढले जाते : तांबडा, पिवळा, निळा. हा विचार युरोपातून आला आणि तो कलाशाळेत शिकलेल्यांचाच, असेही आपल्याकडे गृहीत धरले जाते. हे गृहीतक पालघर जिल्ह्यातच तपासून पाहता येते.

रंगाचा एक मोठा नियम सापडला तो रंगाऱ्यांच्या कामात. पॅरिसच्या गोबलँ विणकामशाळेत शेव्हरल हा रसायनज्ञ रंगाईचा प्रमुख होता. काळे सूत पुरेसे काळे दिसत नाही, अशी तक्रार त्याच्याकडे आली. दोष काळ्या रंगात नव्हता. शेजारच्या निळ्या-जांभळ्या सुतामुळे काळा फिका भासत होता. १८३९ साली त्याने हा सिद्धान्त ग्रंथरूपाने मांडला. रंग एकटा दिसत नाही, शेजाऱ्यासह दिसतो.

आता डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांची चित्रे पाहा. वारली समाजात लग्नाचा चौक सुवासिनी लिहीत. म्हसे यांनी १९७० च्या दशकात ही कला कागदा-कापडावर आणली. खाली गेरूचे किंवा शेणाचे सारवण, वर पांढरी रेघ, एवढेच रंग. तांदळाच्या पिठाची रेघ कोऱ्या कागदावर दिसणारही नाही. गेरूवर तीच उजळते, कारण गडद-फिक्यातले अंतर वाढते. म्हसे यांच्या चित्रांतले मासेमारीचे जाळे असंख्य बारीक रेघांचे आहे. ते डोळ्यांत भरते ते या अंतरामुळेच. या कलेला 'आदिम' ठरवणाऱ्यांनी रंगांची संख्या मोजली, त्यांचे नाते पाहिले नाही.

'वर्ण' या शब्दाचा एक अर्थ रंग असाच आहे. ज्या समाजाने माणसाची किंमत जन्माने कायम केली, त्याने हा नियम नीट समजून घ्यावा. कोणताही रंग स्वभावतः उच्च वा नीच नसतो. त्याला कोठे आणि कोणाशेजारी ठेवले, यावर त्याचे दिसणे ठरते.

रंगाला दुसराही शेजार असतो. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कापडाच्या रंगांची रसायने तयार होतात. तेथील सांडपाणी नळाने नवापूरच्या समुद्रात सोडले जात आले आहे. या प्रदूषणाविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषद २०१६ साली राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. कापडावरचा रंग गिऱ्हाईक पाहते. त्याचे उरलेले पाणी मच्छीमाराच्या वाट्याला येते. रंगविचार शिकवणाऱ्या शिक्षकाने रंगचक्राशेजारी हा हिशेबही मांडला पाहिजे.