‘काकू, जरा साखर बघता का?’

कल्याणच्या दूधनाक्याजवळच्या एका जुन्या इमारतीत रमजानच्या महिन्यात संध्याकाळी साडेपाच-सहाच्या सुमारास ही हाक ठरलेली असे. समोरच्या दारातून काकू पदराला हात पुसत यायच्या, वाटीतली चमचाभर खीर फुंकून तोंडात टाकायच्या आणि निकाल द्यायच्या, ‘अजून मूठभर लागेल गं.’ हाक मारणाऱ्या भाभींचा रोजा असायचा. पहाटे सहरीनंतर पाण्याचा थेंबही घेतलेला नसायचा आणि इफ्तारसाठी घरातली सात-आठ माणसं जमायची. अशा वेळी भाभींच्या स्वयंपाकघरातली जीभ काकूंची असे.

‘दिवसभर न खाता-पिता स्वयंपाक करता, मग मीठ-साखर कळते कशी?’ हा प्रश्न रमजानमध्ये हमखास विचारला जातो. अगदीच गरज असेल तर जिभेच्या टोकावर चव घेऊन थुंकून टाकण्याची सवलत धर्मशास्त्रात आहे. पण बहुतेक बायका ती घेत नाहीत. चुकून घशाखाली गेलं तर, ही धास्ती असते. मग आधार उरतो तो दोन गोष्टींचा. एक मापाचा आणि दुसरा शेजाराचा.

माप फार जुनं आहे. अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त ‘शीरबिरंज’ नावाचा बिनमांसाचा पदार्थ दिला आहे. फारसीत शीर म्हणजे दूध आणि बिरंज म्हणजे तांदूळ. प्रमाण असं : 10 शेर दूध, 1 शेर तांदूळ, 1 शेर खडीसाखर आणि किंचित मीठ. आजच्या भाषेत लिटरभर दुधाला साधारण 100 ग्रॅम तांदूळ आणि तेवढीच साखर. हल्ली बऱ्याच घरांत तांदूळ याहून कमी घेतात, कारण खीर थंड झाली की आणखी दाट होते. फारसीतला ‘शीर’ आणि संस्कृतातला ‘क्षीर’ हे शब्द एकाच घराण्यातले. ‘क्षीर’वरून आपली खीर आली.

फिरनी ही खिरीची धाकटी बहीण. तासभर भिजवलेला तांदूळ रव्यासारखा भरड वाटायचा, उकळत्या दुधात धार धरून सोडायचा आणि हात न थांबवता ढवळायचा, नाहीतर गुठळ्या होतात. मग मातीच्या उथळ वाट्यांत ओतायची. कोरी माती पाणी शोषून घेते आणि फिरनी घट्ट बसते; वर मातीचा वास लागतो तो वेगळाच. कोकणी मुसलमानांच्या घरात याच तांदळाची गाठ नारळाच्या दुधाशी पडते आणि वाफेवरचं सांदण तयार होतं.

पदार्थ कोणताही असो, एक नियम सगळीकडे सारखा : आधी तांदूळ शिजू द्यायचा, मग गोड घालायचं. साखर किंवा गूळ पडला की दाणा पुढे मऊ होत नाही. म्हणून खिरीतला दाणा बोटांनी दाबून पाहिल्याशिवाय साखरेच्या डब्याला हात लावत नाहीत. जर्दा करतानाही हीच काळजी. ‘जर्द’ म्हणजे पिवळा. मोकळा शिजवलेला लांब दाण्याचा तांदूळ, तूप, साखरेचा पाक, केशर किंवा रंग, लवंग-वेलची आणि सुकामेवा. ‘आईन’मध्ये हाही आहे, ‘जर्दबिरंज’ या नावानं : 10 शेर तांदळाला 5 शेर खडीसाखर, साडेतीन शेर तूप, शिवाय बदाम, पिस्ते, मनुका, केशर, दालचिनी आणि थोडं आलं.

ही यादी वाचून मराठी घरातल्या कोणालाही साखरभात आठवेल. ओलं खोबरं आणि गूळ घातला की नारळीभात. 2010, 2011 आणि 2012 अशी सलग तीन वर्षं नारळी पौर्णिमा रमजानच्या मध्यावर आली होती. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात खाडीला नारळ अर्पण होत होता, त्याच दिवसांत राबोडीत इफ्तारची तयारी चालली होती. दूधनाक्याच्या त्या इमारतीत तर त्या संध्याकाळी समोरासमोरच्या दोन्ही घरांत भातच गोड होत होता. काकूंचा नारळीभात झाकून भाभींकडे गेला, मगरिबच्या अजाननंतर उघडला गेला आणि ताट परत आलं ते जर्दा घेऊन. शेजाऱ्याचं ताट रिकामं परत करायचं नाही, हा नियम दोन्ही दारांना सारखाच लागू होता.

ठाणे-डोंबिवलीत स्थिरावलेल्या बंगाली घरांत हाच भात ‘पायेश’ होतो. हा शब्द पायसाचा. वाढदिवसाला पायेश हवाच आणि बाळाच्या उष्टावणालाही. बारीक, सुवासिक गोबिंदोभोग तांदूळ तुपाचा हात लावून आटत्या दुधात सोडतात, वर तमालपत्र. हिवाळ्यात साखरेऐवजी शिंदीच्या रसाचा नवा गूळ, नोलेन गुड. पण तो भांडं खाली उतरवल्यावरच, नाहीतर दूध फाटतं. बंगाली मुसलमानांच्या ईदलाही पायेश असतो. आपल्याकडे गोबिंदोभोग मिळाला नाही तर आंबेमोहोर चालतो. वाड्याचा कोलमही आहेच. 2014पर्यंत ठाणे जिल्ह्यातच असलेल्या वाड्याच्या या तांदळाला 2021मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

दूध, तांदूळ, साखर. यात विचारण्यासारखं काही नाही. शेजारच्या घरातून काही आलं की ‘यात काय काय आहे?’ हा प्रश्न अनेकांच्या ओठांवर येतो आणि त्यात गैर काही नाही. खिरीपुरता तो गळून पडतो. म्हणून उंबरा ओलांडण्याचा मान बहुतेक वेळा तिलाच मिळतो.

पण उंबऱ्यासमोर दुसरा उंबरा हवा. 1992-93च्या दंगलींनंतर मुंबईतली अनेक मुस्लिम कुटुंबं मुंब्रा-कौशात आली. तिथल्या इमारतीत आज संध्याकाळी साखर चाखायला शोधूनही माणूस सापडत नाही. मजल्यावर सगळ्यांचाच रोजा. मग पाच-सहा वर्षांच्या पोराला ओट्याजवळ उभं करतात, त्याला गोड कधीच पुरेसं वाटत नाही! आणि दुसऱ्या टोकाला अशी संकुलं आहेत, जिथे ईदची खीर आणणारं दारच नाही. वर्तमानपत्रात रमजानविषयी वाचणं हीच तिथली रमजानशी ओळख.

दूधनाक्याजवळची ती इमारतही पुनर्विकासात गेली. काकू मुलाकडे डोंबिवलीला गेल्या, भाभी कौशाला. आता भाभी साखर वाटीनं मोजून घालतात आणि ती चुकत नाही. तरी दर रमजानमध्ये एका रविवारी काकू धीमी लोकल पकडून कोपर, दिवा करत मुंब्र्याला उतरतात. गुडघे दुखतात, तरीही येतात.

गेल्या वर्षी आल्या तेव्हा खीर गॅसवर रटरटत होती. चपला काढता काढता त्यांनी विचारलं, ‘साखर झाली का गं बरोबर?’

‘घातलीच नाही अजून,’ भाभी म्हणाल्या, ‘तुमचीच वाट बघत होते.’