उत्तर ग्रॅममध्ये (संगणकावरचं आरेखन : लेखांक ६)

स्केचमधल्या निळ्या रेषा काळ्या कधी होतात, म्हणजे स्केच पूर्ण बांधलं गेलं हे कसं ओळखायचं, ते मागच्या आठवड्यात पाहिलं. त्या काळ्या रेषांची खरी कसोटी लागते ती सर्टिफाइड सॉलिडवर्क्स असोसिएट या परीक्षेत. डिप्लोमाच्या वर्गांत ती सीएसडब्ल्यूए या नावानेच ओळखली जाते. सॉलिडवर्क्सची पहिली आवृत्ती १९९५ साली अमेरिकेत आली आणि १९९७ मध्ये फ्रान्सच्या दासो सिस्टिम्सने ती कंपनी विकत घेतली. प्रमाणपत्रांच्या शिडीतली सीएसडब्ल्यूए ही पहिली पायरी. तिच्यावर सीएसडब्ल्यूपी आणि सीएसडब्ल्यूई.

अनेक वर्षं रूढ असलेल्या स्वरूपात ही परीक्षा तीन तासांची, चौदा प्रश्नांची आणि २४० गुणांची. उत्तीर्ण व्हायला १६५ लागतात. सुरुवातीचे तीन प्रश्न ड्रॉइंगमधल्या व्ह्यूंचे, प्रत्येकी पाच गुणांचे. सेक्शन व्ह्यू कोणता, डिटेल व्ह्यू कोणता, एवढंच ओळखायचं. मग सात प्रश्न पार्टचे, प्रत्येकी पंधरा गुणांचे. उरलेले चार असेंब्लीचे आणि प्रत्येकी तीस गुणांचे. आता बेरीज करून पाहा. असेंब्ली सोडून बाकी सगळं अचूक सोडवलं तरी १२० गुणच होतात. असेंब्लीचा एक प्रश्न जमला तर १५०, म्हणजे तरीही नापास. तयारीतला जवळजवळ सगळा वेळ एकेकटे पार्ट काढण्यात घालवणाऱ्यांनी हा हिशेब लक्षात घ्यायला हवा.

पार्टच्या प्रश्नात ड्रॉइंग, एकक पद्धती आणि मटेरियल दिलेलं असतं. मॉडेल तयार करायचं आणि त्याचं वजन किती ग्रॅम भरतं ते सांगायचं. मॉडेल कोणत्या कमांडने उभं केलं, किती फीचर वापरली, हे कोणी पाहत नाही. मला ही पद्धत मनापासून आवडते. एखादं माप चुकीचं वाचलं, एखादा फिलेट राहून गेला, की ते ग्रॅममध्ये उतरतंच. तुमचं उत्तर दिलेल्या पर्यायांपैकी एकाच्याही एक टक्का जवळपास नसेल, तर मॉडेल पुन्हा तपासा, अशी सूचना प्रश्नातच असते.

एक साधी पट्टी घेऊ. लांबी १००, रुंदी ६०, जाडी १० मिलिमीटर. मटेरियल १०६० अलॉय, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम, घनता ०.००२७ ग्रॅम प्रति घन मिलिमीटर. चार कोपऱ्यांत, दोन्ही कडांपासून १५ मिलिमीटरवर, १० मिलिमीटर व्यासाची आरपार छिद्रं. वजन येतं १५३.५२ ग्रॅम. व्यासाऐवजी १० ही त्रिज्या धरली तर १२८.०७. इतका फरक लगेच नजरेत भरतो.

पण खरी परीक्षा पुढच्या प्रश्नात असते. तोच पार्ट, फक्त एकदोन मापं बदललेली, आणि आता पर्याय दिलेले नाहीत, आकडा तुम्हीच भरायचा. समजा लांबी १०० ची ७५ केली. उजवीकडची छिद्रं उजव्या कडेपासून १५ वर बांधली असतील तर ती कडेबरोबर आत सरकतात आणि वजन येतं ११३.०२. पण तीच छिद्रं डाव्या कडेपासून ८५ वर बांधली असतील तर पट्टी आखूड झाल्यावर ती धातूच्या बाहेर पडतात, दोनच छिद्रं उरतात आणि वजन होतं ११७.२६. स्केच दोन्ही वेळा पूर्ण काळं होतं. म्हणजे स्केच बांधलेलं असणं पुरेसं नाही. कोणतं माप कुठून घ्यायचं हा निर्णय ड्रॉइंग करणाऱ्याने घेतलेला असतो, आणि तो तुम्हाला कागदावरून वाचता आला पाहिजे. चाकणच्या किंवा अंबडच्या कारखान्यात गिऱ्हाईक सुधारित ड्रॉइंग पाठवतं तेव्हा डिझायनरला नेमकं हेच करावं लागतं.

आपल्याकडच्या मुलांसाठी एक इशारा. आयटीआय आणि डिप्लोमात आपण भारतीय मानकाप्रमाणे फर्स्ट अँगल प्रोजेक्शन शिकतो, तिथे टॉप व्ह्यू फ्रंट व्ह्यूच्या खाली येतो. अमेरिकी पद्धत थर्ड अँगलची, तिथे टॉप व्ह्यू वर. बाजूचे व्ह्यूही तसेच उलटतात. ड्रॉइंग हातात घेतल्यावर आधी प्रोजेक्शनचं चिन्ह शोधा, मग मापं वाचा. नाहीतर डावीकडची खाच उजवीकडे जाते, आणि वजनातून ते कळतही नाही.

वजनाची ही मर्यादा नीट समजून घ्या. आपल्या पट्टीची लांबी १२० करा. छिद्रं कुठूनही बांधलेली असोत, चारही धातूतच राहतात आणि वजन १८५.९२ च येतं. चूक झाकलेली राहते. आता मास प्रॉपर्टीजमध्ये गुरुत्वमध्य पाहा. बरोबर बांधणीत तो डाव्या कडेपासून ६०.०० मिलिमीटरवर असतो, चुकीच्या बांधणीत ६०.४६ वर. असेंब्लीच्या प्रश्नांत म्हणूनच वजनाऐवजी गुरुत्वमध्याचे एक्स, वाय, झेड विचारतात, आणि तेही प्रश्नात नेमून दिलेल्या कोऑर्डिनेट सिस्टिमपासून. ती सिस्टिम चुकीच्या कोपऱ्यावर लावली तर अचूक जोडलेल्या असेंब्लीचेही तीस गुण जातात.

पुढच्या आठवड्यात असेंब्लीतले मेट घेऊ : कॉन्सेंट्रिक, कोइन्सिडंट आणि अँगल. तोवर ही पट्टी दोन्ही पद्धतींनी काढून ठेवा. लांबी ७५, १०० आणि १२० करून वजन आणि गुरुत्वमध्य वहीत लिहा. पुढचा सराव त्याच आकड्यांवरून सुरू करायचा आहे.