पंचगंगा ३९ फुटांवर : वाट बघायची की सामान हलवायचं?

कोल्हापूर : पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी रोज मोबाईलवर येते. त्यातले दोन आकडे लक्षात ठेवा. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोका पातळी. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं.

नदीकाठच्या घरांनी जनावरं, धान्य, कागदपत्रं हलवायची ती ३९ फुटांनाच. ४३ होईपर्यंत सखल भागातले रस्ते पाण्याखाली गेलेले असतात, मग ट्रॅक्टरही निघत नाही.

पाऊस उघडला म्हणजे पूर ओसरला, असंही नाही. राधानगरी धरण भरलं की त्याचे स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात. ते पाणी भोगावतीतून पंचगंगेत येतं.

पुढं नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णाच फुगलेली असेल तर पंचगंगेचं पाणी पुढं सरकत नाही, मागं तुंबतं. म्हणून कोल्हापुरात ऊन पडलं तरी शिरोळ तालुक्यात पाणी चढू शकतं.

त्यामुळं आपल्या गावातला पाऊस बघून निर्णय घेऊ नका. बंधाऱ्याची पातळी, राधानगरीचे दरवाजे आणि कृष्णेचं पाणी, तिन्ही बघा. प्रशासनानं स्थलांतराची सूचना दिली की उजेडातच बाहेर पडा.