शहराच्या फोडी

दोस्तांनो, आधी एक कोडं सोडवा. एक मुलगा शनिवारातून निघाला, सरळ चालत बुधवारात गेला आणि पुढच्या काही मिनिटांत शुक्रवारात पोचलासुद्धा. गुरुवार त्याला वाटेत भेटलाच नाही! असं कुठे होतं?

पुण्यात होतं, आणि रोज होतं. शनिवारवाड्यापाशी उभे राहिलात की तुम्ही शनिवार पेठेत. शिवाजी रस्त्यानं मंडईकडे चालू लागा. दगडूशेठ गणपती आला? मग तुम्ही बुधवार पेठेत आहात. आणखी पुढे भाजीच्या पाट्या आणि गर्दी दिसली की मंडई आली, म्हणजेच शुक्रवार पेठ. पुण्यात सातही वारांच्या पेठा आहेत, पण त्या ओळीनं नाहीत.

का बरं असं? कारण पुणं कुणी एका बैठकीत आखून बांधलेलं नाही. सगळ्यात जुना भाग कसबा. त्याच्या आजूबाजूला एकेक पेठ वसत गेली. पेठ म्हणजे बाजार असलेली वस्ती. नवी पेठ वसवायची, तर माणसं आणायची कुठून? मग सरकार व्यापाऱ्यांना कौल द्यायचं, म्हणजे लेखी वचन: या, दुकानं थाटा, घरं बांधा, पहिली काही वर्षं कर माफ! एवढं ऐकल्यावर कोण येणार नाही?

गंमत म्हणजे यातल्या बऱ्याच पेठांची आधीची नावं निराळीच होती. रविवार पेठ होती मलकापूर, सोमवार पेठ शहापूर, शुक्रवार पेठ विसापूर आणि गुरुवार पेठ चक्क वेताळ पेठ! वारांची नावं नंतर चिकटली. पण वार पडले सातच आणि पेठा तर वाढतच होत्या. मग माणसांची नावं आली. पानिपतावर १७६१ साली पडलेल्या सदाशिवरावभाऊंची सदाशिव पेठ, नारायणराव पेशव्यांची नारायण पेठ, नाना फडणवीसांची नाना पेठ, सरदार रास्त्यांची रास्ता पेठ.

आता पेठेच्या आत शिरू. तिच्या पोटात असतात आळ्या. बुरूड आळीत बांबूच्या टोपल्या आणि सुपं, कासार आळीत बांगड्या नि भांडी, कसब्यातल्या तांबट आळीत तांब्याचे हंडे, घंगाळी, बंब. एका धंद्याची माणसं शेजारी शेजारी का राहत? एक तर गिऱ्हाइकाला शोधत हिंडावं लागत नाही. दुसरं, कच्चा माल एकदम आणता येतो. आणि तिसरं कारण कानांनाच विचारा. तांबट आळीत दिवसभर ठोक-ठोक चालायची. झोपू इच्छिणारा शेजारी तिथे कशाला घर घेईल?

ती ठोक-ठोक उगीच नसते बरं का. तयार भांडं तांबट एका लोखंडी आधारावर धरतो आणि हातोडीनं एकाला लागून एक असे ठोके देत जातो. बघता बघता भांड्यावर छोट्या चकचकीत खळ्यांची नक्षी उठते. याला म्हणतात मठारकाम. नक्षी दिसते छान, पण खरी करामत आत होते. तापवलेलं तांबं मऊ असतं. ठोके बसले की त्याच्यातल्या अणूंची जुळणी विस्कटते, थर एकमेकांवरून सहज सरकेनासे होतात आणि धातू कडक होतो. म्हणून मठारलेल्या हंड्याला सहजासहजी पोचा येत नाही. फारच कडक झालं, तर पुन्हा तापवायचं की पुन्हा मऊ.

पुण्यात पेठा, तर छत्रपती संभाजीनगरात पुरे. जयसिंगपुरा, करणपुरा, पदमपुरा ही नावं वाचा. ही बाजाराची नावं वाटतात का? नाहीच. मिर्झाराजे जयसिंग, बिकानेरचे राजा करणसिंग अशा मुघल सरदारांच्या छावण्या तिथे पडल्या. सरदारामागे सैन्य, सैन्यामागे बाजारबुणगे, आणि छावणीची झाली वस्ती. सरदार गेले, पुरे राहिले.

मुंबईत गिरगावात जा. तिथे वाड्याच वाड्या: फणसवाडी, खेतवाडी, खोताची वाडी. किनाऱ्याला कोळीवाडे. आणि दक्षिणेला फोर्ट. आता फोर्टात जाऊन किल्ला शोधा बघू! सहजासहजी सापडायचा नाही. १८६०च्या दशकात इंग्रजांनी तटबंदी पाडली. त्या तटाला एक दरवाजा होता, चर्चगेट. दरवाजा गेला, पण त्याच्या नावाच्या स्टेशनात आजही लोकल शिरते.

पण पेठ, पुरा, वाडी यांनी पोस्टमनचं काम भागत नाही. एकाच नावाची गावं किती, आणि पत्ते लिहिले जायचे किती भाषांत! यावर तोडगा काढला श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. ते डाक-तार खात्यातले मोठे अधिकारी आणि शिवाय संस्कृतचे कवी. १५ ऑगस्ट १९७२ पासून पिनकोड सुरू झाला. ४११०३० हा आकडा घ्या. पहिला ४ सांगतो की पत्र महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड या पट्ट्यातलं आहे. ४११ म्हणजे पुणे. शेवटचे तीन आकडे पत्र वाटणाऱ्या पोस्टाचे. सदाशिव पेठ आणि नारायण पेठ, दोघींचाही पिनकोड हाच! पेशव्यांच्या काळातली हद्द पोस्टाच्या हिशेबात आलीच नाही.

म्हणजे बघा, जमीन तीच, पण व्यापाऱ्यानं तिची फोड एका जागी केली, सरदारानं दुसऱ्या, पोस्टानं तिसऱ्याच. महापालिकेचे प्रभाग आणि पोलीस चौकीची हद्द आणखी निराळी.

आता तुमची पाळी. घरचा पत्ता वहीत लिहा, एका ओळीत एकच शब्द. प्रत्येक शब्दापुढे लिहा, ही फोड कुणी केली? बाजारानं, कारागिरांनी, सैन्यानं, बिल्डरनं की पोस्टानं? अडलात तर आजी-आजोबांना किंवा स्टँडवरच्या जुन्या रिक्षावाल्या काकांना विचारा.

आणि मुंबईकरांनो, तुमच्यासाठी जादा प्रश्न. महापालिकेच्या वॉर्डांना इंग्रजी अक्षरांची नावं आहेत, ए पासून टी पर्यंत. पण मधली चार अक्षरं गायब आहेत. कोणती?

(उत्तर: आय, जे, ओ आणि क्यू.)