सुटलेली तंबाखू पुन्हा का खुणावते?

तंबाखू सोडून वर्ष झालेला माणूस एखाद्या दिवशी पानटपरीवरून जाताना एकाएकी बेचैन होतो. ‘मनाचा दुबळेपणा’ असे म्हणून आपण मोकळे होतो. पण वर्षभर ज्याने स्वतःला आवरले, त्याचे मन दुबळे कसे?

१९५४ साली कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात ओल्ड्स आणि मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तारा बसवल्या. दांडी दाबली की मेंदूच्या ठरावीक भागात सौम्य वीजप्रवाह जाई. काही उंदीर तासात शेकडो वेळा दांडी दाबत राहिले! या मार्गावरचा एक प्रमुख निरोप्या म्हणजे डोपामीन, हे पुढे समजले. त्याला सर्रास ‘सुखाचे रसायन’ म्हणतात. मला हे नाव पसंत नाही. डोपामीन जवळजवळ नाहीसे केलेल्या उंदरांच्या जिभेवर साखरेचे पाणी सोडले, तर ते पूर्वीसारखेच मिटक्या मारतात. मात्र समोर ठेवलेल्या अन्नाकडे आपणहून जात नाहीत. म्हणजे ‘आवडणे’ शाबूत, ‘हवेसे वाटणे’ गेले.

मग डोपामीन सांगते तरी काय? वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांना आधी खूण दाखवून मग फळांचा रस दिला. सुरुवातीला रस मिळताच डोपामीनच्या पेशी चेतत. खुणेचा अर्थ कळल्यावर त्या खूण दिसताच चेतू लागल्या. रस मिळताना विशेष काही घडेना. अपेक्षित रस दिलाच नाही, तर नेमक्या त्या वेळी त्या गप्प होत. थोडक्यात निरोप असा: ‘अपेक्षेपेक्षा जास्त मिळाले, ही खूण लक्षात ठेव.’

जेवणाच्या बाबतीत अपेक्षा पुरी झाली की हा निरोप थांबतो. नशेचे पदार्थ थेट पेशींच्या रसायनातच हात घालतात. तंबाखूतील निकोटीन डोपामीनच्या पेशींना परस्पर चेतवते. हेरॉइन त्यांना आवर घालणाऱ्या शेजारच्या पेशींना गप्प करते. स्रवलेले डोपामीन परत शोषून घेणारे पंप कोकेन अडवते. त्यामुळे ‘अपेक्षेपेक्षा जास्त’ हा खोटा निरोप दर वेळी जातच राहतो, आणि टपरी, चुन्याची डबी, पुडी फाडल्याचा आवाज या साऱ्या खुणा पक्क्या होत जातात.

शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्याने बंदी आहे. त्यामागे हेही एक कारण मानायला हरकत नाही: रोज नजरेस पडणारी टपरी ही नुसती टपरी राहत नाही.

कोकेनची सवय लागलेल्या उंदरांचे कोकेन तोडले, की ते हळूहळू दांडी दाबणे सोडून देतात. मग एके दिवशी जुना दिवा तेवढा लावतात. कोकेन मिळत नाही, तरी उंदीर पुन्हा दांडीकडे वळतो.